ठेवायला दिलेला नंदी

आमच्या घरातली अर्धी भांडी वर्षातले सहा महिने घरात नसत. पन्नास माणसांचा भात एका वेळी शिजेल असा पितळेचा मोठा गंज आमचा होता, पण तो चुलीवर चढलेला मी जितका पाहिला, त्याहून जास्त बैलबंडीतून गावाबाहेर जाताना पाहिला. ज्याच्याकडे लग्न, बारसं, तेरवी, त्याच्याकडे तो जाई आणि तिथून परस्पर पुढच्या घरी. आईला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता सांगे, "आता डोंगरगावले हाये, सोमवारी सौंदडले जाईन." तसंच आमच्या ओसरीवरची सतरंजी फुलाबाईची असे आणि भिंतीला टेकलेली शिडी पाटलांची. कुणी कागद करत नसे, कुणी तारीख ठरवत नसे. लागली की निरोप धाडायचा, आणि वस्तू घासूनपुसून दारात येई. मी हे एवढं लांबण लावते आहे, कारण पुढे जे झालं त्यात बाबांची चूक होती असं सगळे म्हणतात, आणि बरीच वर्षं मीही म्हटलं. चूक होतीच. पण ज्याच्या घरी असा गंज आहे तोच माणूस ती करू शकतो.

कुणाकडे उसनी न जाणारी एकच वस्तू आमच्याकडे होती, ती म्हणजे माळ्यावरचा लाकडी नंदी. तो वर्षातून एकदाच खाली उतरे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा सण झाला की लेकरांनी आपापले लाकडी बैल सजवायचे, दोरीनं ओढत शाळेच्या मैदानात रांगेत उभे करायचे आणि मग घरोघरी फिरवायचे. ज्या दारात नंदी जाईल तिथली बाई त्याला ओवाळते आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवते. कधी नाणं, कधी करंजी. आमचा नंदी माझ्या आज्याच्या बापानं गावच्या सुताराकडून बिजाच्या झाडाच्या अख्ख्या ओंडक्यातून करवून घेतला होता. उंची माझ्या कमरेइतकी, गळ्यात कोरलेली घुंगरमाळ, पाठीवर कोरलेली वेलबुट्टी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की याला कोणी नुकतंच जेवायला वाढलं आहे. पुढचं डावं चाक कधीतरी फुटलं, तेव्हा आज्यानं घरीच दुसरं करून बसवलं. ते बोटभर लहान झालं. तेव्हापासून नंदी चालताना लंगडायचा, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आवाज करायचा, कर्र-टक्, कर्र-टक्. गावानं त्याचं नावच लंगड्या ठेवलं होतं. तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच बाया आतून ओरडायच्या, "आला वो लंगड्या!" आणि दिवा लावायच्या.

लंगड्याची दोरी दादाच्या हातात होती, आणि दादाला मिसरूड फुटली तरी त्यानं ती सोडली नाही. पोरांनी ओढायचं आणि पोरींनी ओवाळायचं, अशी रीत. मला ती रीत मुळीच पटत नव्हती, आणि न पटलेली गोष्ट गप्प बसून सोसायचा माझा स्वभाव तेव्हाही नव्हता, आजही नाही. एका तान्ह्या पोळ्याला मी आरतीचं ताट तिथंच ठेवलं आणि भोकाड पसरलं. आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या. आई मात्र हसली नाही. रात्रीचे वडे तळता तळता ती बाबांना म्हणाली, "बईलाले का समजते गा, दोरी पोराच्या हातात हाये का पोरीच्या?" बाबांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बरं. येत्या साली ममता ओढन. एकच साल. मंग ते मोठी होते." एक तर एक! मी त्या दिवसापासून दिवस मोजायला लागले.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात मिश्रा मॅडम आल्या. गोंदियात एका राईस मिलवाल्याचा जुना बंगला रिकामा पडला होता. त्याच्या नातवंडांनी तो म्युझियम करायला दिला, आणि घराघरांतल्या नक्षीच्या, कलाकुसरीच्या जुन्या वस्तू गोळा करायचं काम या मॅडमकडे आलं. त्या जबलपूरकडच्या, बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. जीपमधून उतरल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि माळ्यावर चढल्या. लंगड्याला पाहून त्या तिथंच भुशाच्या पोत्यावर बसल्या. "अरे, ये तो राजा है," असं त्या दोनदा म्हणाल्या. आपल्या घरातल्या वस्तूला कोणी राजा म्हटलं की माणूस काय बोलणार? बाबांची छाती फुगली. ते म्हणाले, "आवडला ना? मंग न्या. ठेवाले न्या." मॅडमनी कागद पुढे केला, बाबांनी तो न वाचता त्यावर आपली गोल सही केली आणि स्वतः नंदी जीपमध्ये चढवून दिला. मी जीपमागे वेशीपर्यंत धावले. परत येऊन रडत बसले तर बाबा म्हणाले, "कायले रडून राह्यली? माल्यावर उंदरं कुरतडतेत, तेथी मॅडम पुसून ठेवन. पोळ्याले आनू ना." मला ते पटलं. गंज नाही का परत येत?

श्रावणात बाबांनी रीतीप्रमाणे निरोप धाडला, म्हणजे मला एक पोस्टकार्ड लिहायला लावलं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: "तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही येतो. नंदी तयार ठेवावा." उत्तर आलं नाही. आमच्या गावात उत्तर न येणं म्हणजे होकारच असतो, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मी आईच्या लाल खणाची झूल शिवायला घेतली. पंधरा दिवस रोज शाळेतून आले की कडेनं बेगड लावत बसायची, बोटं सुईनं टोचून घ्यायची आणि जो भेटेल त्याला सांगायची, यंदा लंगड्या मी ओढणार. शेजारचा गजू, माझ्याच वर्गातला, त्याला गोंदियाच्या बाजारातून नवाकोरा रंगवलेला नंदी आणला होता. तो म्हणाला, "पोट्टे ओढतेत नंदी, पोट्ट्या नाई." मी म्हटलं, "मैदानात ये, मंग पाहू." पोळ्याच्या दिवशी घरात पुरणाचा वास, तळणाचा वास, गोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या घंटा. माझं कशात लक्ष नव्हतं. आईनं वाढलेली पुरणपोळी मी उभ्यानंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं सौंदडच्या स्टेशनाकडे निघालो. गावातली पोरं, रोगराई वेशीबाहेर घालवायच्या रीतीप्रमाणे, पळसाच्या फांद्या घेऊन, रोगराई घेऊन जा गं मारबत म्हणून ओरडत वेशीकडे पळत होती. बाबांच्या खांद्यावर नवी सुताची दोरी होती. आईच्या पिशवीत आरतीचं ताट, कुंकवाचा करंडा, डब्यात पुरणपोळ्या आणि चाकांना घालायला जवसाच्या तेलाची बाटली. माझ्या छातीशी झूल. हिशेब साधा होता: सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, नंदी घ्यायचा, दुपारच्या गाडीनं परत, चारला मैदानात. गाडीत बाबा समोरच्या माणसाला सांगत होते, "नंदी आनाले चाललो. म्युझियममंदी ठेवला हाये." तो माणूस गोंदियाचा होता, हिंदीत म्हणाला, "अच्छा, बढिया." मला वाटत होतं की सगळी गाडी आमच्यासाठीच धावते आहे.

आता त्या बंगल्याबद्दल. मी नंतर मोठमोठी संग्रहालयं पाहिली, दिल्लीचंही पाहिलं, पण त्या पहिल्या खोलीत पाऊल टाकल्यावर झालं तसं पुन्हा कुठेही झालं नाही. बाहेर ऊन आणि आत गारवा, पायाखाली काळ्या-पांढऱ्या फरशा, आणि भिंतीच्या कडेनं काचेच्या कपाटांत वस्तूच वस्तू. मिलवाल्यांनी कुठून कुठून आणलेल्या निळ्या फुलांच्या चिनी बश्या, रंगीत काचेची झुंबरं, हस्तिदंताची मूठ असलेला पंखा. आणि त्यांच्या शेजारी, अगदी शेजारी, आमच्या घरात असते तशी पितळेची पायली! तिच्यावर वेल कोरलेला होता. त्याच्यापुढे दंडारीच्या नाटकातल्या राजाचा बेगडी मुकुट, गोंड बायकांच्या गळ्यातल्या चांदीच्या सुत्या, जुनी लुगडी काठ दिसतील अशी पसरलेली, कोरीव दाराची चौकट भिंत नसताना नुसतीच उभी. मी एका कपाटाकडून दुसऱ्याकडे धावत होते. "आई, हे पाह्य! आपला दिवा! आई, असा कंगवा आज्जीपाशी होता!" आईसुद्धा हरखून गेली होती. तिनं पायलीसमोर उभं राहून मला हळूच विचारलं, "हे रोजची चीज हाये ना वो, मंग काचंत काऊन ठेवली?" मग स्वतःच म्हणाली, "गोड दिसते पन." खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मी लंगड्याला विसरले. कोणी तेव्हा विचारलं असतं की तुला नंदी हवा की या खोल्यांमधून दिवसभर फिरायला हवं, तर माझ्या तोंडून काय निघालं असतं, देव जाणे. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही.

तो शेवटच्या दालनात होता. मधोमध, एका उंच लाल लाकडी चौथऱ्यावर, वरून दिव्याचा उजेड सोडलेला. अंग तेल लावून पुसलेलं, शिंगांवरची धूळ गेलेली, पाठीवरची वेलबुट्टी मला पहिल्यांदाच नीट दिसली. मिश्रा मॅडम त्याच्याशेजारीच उभ्या होत्या, हातात माझं पोस्टकार्ड. "आप आ गए! देखिए, आपने लिखा था ना, तयार ठेवावा. मी स्वतः पॉलिश केलं." त्यांचा चेहरा इतका खुललेला होता की आम्हीही हसलो. बाबांनी खांद्यावरची दोरी उतरवली, नंदीच्या गळ्यापाशी नेली आणि म्हणाले, "लगीत चांगला ठेवला मॅडम. चालतो आता आमी, गाडी हाये." मॅडमचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांना वाटलं होतं की आम्ही पाहायला येतो आहोत. आम्हाला वाटलं होतं की त्या द्यायला उभ्या आहेत.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं असेल. मॅडमनी कपाटातून कागद काढला आणि वाचून दाखवला. त्यात बाबांनी नंदी कायमचा दिला असं लिहिलं होतं, आणि खाली ती गोल सही. "अब ये म्युझियम की चीज है, भाऊ. रजिस्टरला चढली आहे. मी एक दिवसासाठीही बाहेर देऊ शकत नाही, मेरी नौकरी जाएगी." बाबा म्हणाले, "पन मी ठेवाले देल्ला होता ना. ठेवाले म्हटलं होतं." "हाँ, तो रखा है ना." बाबांनी ते वाक्य परत एकदा म्हटलं, आवाज आणखी खाली आणून. त्या दिवसापर्यंत मी बाबांना शेतात, बाजारात, भांडणात पाहिलं होतं. कोणापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, इतका की हातातली झूल फाडून टाकावीशी वाटली. त्यांनी वाचलं का नाही? दादाच्या वेळी बरा कोणी नंदी देऊन टाकला नाही!

आई तेवढ्यात पिशवी उघडून बसली होती. तिनं करंडा काढला, उठली आणि चौथऱ्याभोवतीच्या दोरीच्या कठड्यावरून हात लांब करून लंगड्याच्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. "अरे, हात मत लगाइए!" मॅडम ओरडल्या, पण टिळा लागून गेला होता. आई शांतपणे म्हणाली, "आजच्या दिशी तो कधीच बिना टिक्याचा राह्यला नाई, मॅडम. तुमच्या घरी असला म्हून का उपाशी ठेवाचा?" आज म्युझियमच्या कामातला कोणी हे ऐकेल तर कपाळाला हात लावेल, पण मॅडमनी तो टिळा पुसायला लावला नाही. त्याचा पुसट डाग अजून आहे.

मी तोवर चौथऱ्यापाशी गुडघ्यावर बसले होते, रडं दिसू नये म्हणून. तेव्हा मला ती दिसली. पुढच्या डाव्या चाकाखाली एक लाकडाची पाचर, लाल रंग दिलेली, नीट बसवलेली. "मॅडम, हे कायले लावली?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "वो टेढ़ा खड़ा था बेटा. आम्ही सरळ केला." "तो सरळ नाईच मॅडम! तो लंगडा हाये! लंगडतच चालते तो, लंगड्या नाव हाये त्याचं!" मी सगळं एका श्वासात सांगितलं: आज्यानं केलेलं चाक, गल्लीतला आवाज, दिवा लावणाऱ्या बाया. मॅडम माझ्यासमोर खाली फरशीवर बसल्या. त्यांनी मधेच एकदा विचारलं, "आवाज कैसी?" मी सांगितलं. मग त्यांनी हात घालून पाचर ओढून काढली. लंगड्याचं वजन पुढे आलं आणि लहान चाक लाकडावर टेकलं. टक्. एवढाच. त्या रिकाम्या दालनात तो सगळीकडे ऐकू गेला. बाबांनी चटकन मान वर केली. मॅडम म्हणाल्या, "ये मुझे किसी ने बताया नहीं." नंदी त्यांनी दिला नाहीच. पण निघताना त्यांनी पाचर माझ्या हातावर ठेवली. ती आज माझ्या देवघरात आहे, आणि लंगड्या त्या चौथऱ्यावर वाकडाच उभा आहे. माझ्या मुलीला मी दर वर्षी नेते, आणि ती दर वर्षी म्हणते की तुला त्याच्याकडे बघताना गप्प बसता येत नाही.

परतीच्या गाडीत आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या, कारण भूक लागलीच होती. बाबा दोरी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बांध्यांमधला हिरवा धान बघत होते. सौंदडला उतरल्यावर मी म्हटलं की मी मैदानात येणार नाही. आई म्हणाली, "पंधरा दिस सांगून राह्यली साऱ्या गावाले, आता तोंड लपवतेस? ओवाळाले तरी चाल." तिनं मला ओढतच नेलं. मैदानात रांग लागली होती. तोरणाखाली पंचवीस-तीस नंदी, रंगीत, शिंगांना फुगे बांधलेले, आणि पहिल्याच जागी गजूचा. मी झूल पोटाशी धरून कडेला उभी राहिले. गजूनं पाहिलंच. "ममते, कोठी हाये वो तुजा लंगड्या?" चार-पाच जण हसले. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. ती दोरी होती, सकाळचीच, नवी. तिचं दुसरं टोक बाबांच्या हातात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातून झूल घेतली, स्वतःच्या पाठीवर टाकली, दोरीचं टोक छातीवरून घेऊन मागे गाठ मारली, आणि डावा गुडघा वाकवून उभे राहिले. भर मैदानात. पाच एकराचे धनी, गावच्या भांडणात पंच म्हणून बसणारे माझे बाबा. "ओढ," ते म्हणाले. मला कळेना. "ओढ ना वो, कवाचा उभा हाये मी." मी दोरी ताणली. ते निघाले, डाव्या पायावर खाली जात, उजव्यावर वर येत, आणि जिभेनं टाळूला मारून आवाज काढत: कर्र-टक्. कर्र-टक्. हुबेहूब. लहानपणी त्यांनीच ना तो दहा वर्षं ओढला होता!

पहिल्यांदा फक्त फुलाबाई हसली. मग शाळेच्या भिंतीपाशी बसलेले म्हातारे उठले, आणि बायांच्या घोळक्यातून कोणीतरी जुन्या सवयीनं ओरडलं, "आला वो लंगड्या!" सगळं मैदान हसत होतं, टाळ्या वाजवत होतं, पोरं आपापले नंदी सोडून आमच्या मागे लंगडत यायला लागली. मी आधी रडत होते की हसत होते ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की दोरी ताठ होती, आणि मी ती पोरांसारखी खांद्यावरून घेतली होती. गजूनं आपला नंदी बाजूला सरकवून जागा दिली. आई ताट घेऊन पुढे आली, तिनं बाबांच्या कपाळाला टिळा लावला, आणि बाबांनी नंदीसारखीच मान खाली घातली. नंद्यांच्या सजावटीचे परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलेले पाटील चष्मा सावरत रांगेपाशी आले, बाबांना खालीवर न्याहाळलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हा नंदी कोनाचा?"

"माजा हाये," मी म्हटलं.